पोटाची रोजकीर्द: बॅरिॲट्रिक ऑपरेशननंतर खाण्याची नोंद कशी ठेवायची

मी लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाचं वजन लिहितोय. कट्टा काट्यावर चढतो, मापाडी आकडा पुकारतो, मी लिहितो. "पन्नास किलो असंल की अंदाजे" असं कुणी म्हणालं तर सगळे हसतात, कारण कट्ट्यामागं अर्धा किलो इकडंतिकडं झालं तरी दोनशे कट्ट्यांत क्विंटलभराचा फरक पडतो. हे ज्याला पाठ आहे त्याच माणसानं स्वतःच्या ताटाचा हिशोब मात्र दीड-दोन वर्षं अंदाजावर चालवला.

२०१९ मध्ये माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन, झाली. १३१ किलोंवरून सव्वा वर्षात ८४ वर आलो. तोपर्यंत खाण्याची वही लिहीत होतो. मग एका लग्नसराईत अकरा दिवस पानं कोरी राहिली. कोरी पानं बघायची लाज वाटली म्हणून वही ड्रॉवरमध्ये टाकली. ती बाहेर काढली तेव्हा मी ९३ किलोंचा होतो. आता ८७ च्या आसपास टिकून आहे. ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा तारीख ठरलीय, त्यांना ही वही कशी मांडायची ते सांगतो. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जननं आणि आहारतज्ज्ञानं जे सांगितलं असेल ते माझ्या वर.

आधी, मुळात नोंद कशाला? स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून टाकतात. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं त्याच भागात तयार होतं, त्यामुळं पहिलं वर्ष भूकच नसते. जेवायची आठवण करून द्यावी लागते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (हा जठराचा, हृदयाचा नव्हे) रचना वेगळी, पण सुरुवातीचा अनुभव बराचसा असाच. बारा ते अठरा महिन्यांत वजन तळाला जातं, आणि पुढं भूक हळूहळू परत येते. थोडं वजन परत चढणं बहुतेकांचं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरी गोची दुसरीच आहे. लहान झालेलं पोट भाकरीला अडवतं, मटणाला अडवतं, पण चहाला, तेलाला, चुरमुऱ्याला अडवत नाही. आणि नेमकं तेच आपण "खाल्लं" म्हणून धरत नाही.

पायरी १: पहिले काही महिने कॅलरीच्या नादाला लागू नका

पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं असे टप्पे हॉस्पिटलवाले ठरवून देतात. या काळात वहीत चारच गोष्टी लिहायच्या: पाणी, प्रोटीन, गोळ्या आणि त्रास.

पाण्यासाठी मी १०० मिलीचा स्टीलचा छोटा पेला ठेवला होता. एक पेला संपला की एक रेघ. दिवसाला दीड ते दोन लिटर गाठायचं, म्हणजे पंधरा-वीस रेघा. एका दमात ते पिता येत नाही, घोटाघोटानंच जातं. लातूरच्या उन्हाळ्यात पंधरा रेघा झाल्या नाहीत की दुसऱ्या दिवशी डोकं धरतंच.

त्रासाच्या रकान्यात काय खाल्ल्यावर मळमळलं, काय अडकल्यासारखं वाटलं, उलटी किती वेळा झाली, ते वेळेसकट लिहा. उलटी एक-दोन दिवसांत थांबली नाही, पाणीही पोटात टिकेना, तर "बघू दोन दिवस" करत बसू नका. थेट डॉक्टर. सारख्या उलट्यांनी बी-१ हे जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

गोळ्यांचा रकाना जन्मभराचा आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, व्हिटॅमिन डी, जे लिहून दिलं असेल ते. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. वेळ लिहिली की हे आपोआप पाळलं जातं.

पायरी २: काटा आणा, आणि काट्याचा काटा तपासा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोंपर्यंत झेपणारा. त्यावर 'टेअर' बटण असतं. रिकामी वाटी ठेवायची, बटण दाबलं की शून्य, मग वाढायचं. आमच्या भाषेत बारदाना वजा.

मी काटा आणला तेव्हा दुकानातलं शिक्का मारलेलं २०० ग्रॅमचं वजन घरी नेऊन त्यावर ठेवून पाहिलं. १९९ दाखवलं, चालतंय. तुमच्याकडं वजन नसेल तर मापानं २०० मिली पाणी टाकून बघा, २०० ग्रॅमच भरायला पाहिजे.

काटा ओट्यावर, डोळ्यासमोर ठेवा. कपाटात गेलेला काटा परत निघत नाही.

पायरी ३: स्वतःच्या घरची मापं काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण हे एकदाच करायचं असतं. ॲपमध्ये "वरण, १ वाटी" असं येतं. कुणाची वाटी? आमच्या मांडणीतल्या तीन वाट्या पाण्यानं मोजल्या तर ११०, १५० आणि १९० मिली निघाल्या. मी आठ महिने तिसऱ्या वाटीनं खात होतो आणि पहिलीचा हिशोब लिहीत होतो.

भाकरी अशी मोजा. परातीत घेतलेलं ज्वारीचं पीठ मोजायचं आणि भाकऱ्या किती झाल्या ते बघायचं. आमच्याकडं ४०० ग्रॅम पिठाच्या पाच भाकऱ्या होतात, म्हणजे एकीला ८० ग्रॅम. त्यात साधारण २७० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रोटीन. तुमच्याकडं मोठ्या थापत असतील तर आकडा बदलेल. भाजलेली भाकरी तोलू नका. तिच्यात पाणी किती राहिलं यावर वजन हलतं, पिठाचं हलत नाही.

वरणाचं थोडं खटपटीचं आहे, पण एकदा कळलं की आमटी, पिठलं, उसळ सगळ्याला तेच लागू. पातेलं रिकामं तोलून घ्या. आमच्या पातेल्याच्या बुडाला मी ऑइलपेंटनं ६४० असं लिहूनच टाकलंय. समजा २०० ग्रॅम तूरडाळ शिजवली. तिच्या साधारण ६६० कॅलरी, ४३ ग्रॅम प्रोटीन. फोडणीला २० ग्रॅम तेल, त्याच्या १८०. झाल्या ८४०. तयार वरण पातेल्यासकट तोलून ६४० वजा केले की एक किलो भरलं, तर शंभर ग्रॅम वरणात ८४ कॅलरी आणि चार ग्रॅमच्या वर थोडं प्रोटीन. पाणी जास्त पडलं तर वरण वाढेल आणि प्रोटीन तेवढंच राहील. पातळ वरणाच्या दोन वाट्या पिऊन "डाळ खाल्ली" म्हणणाऱ्यांनी हे एकदा करूनच बघावं.

शेवटचं माप हाताचं. मूठभर शेंगदाणे काट्यावर सोडा. माझी मूठ २८ ग्रॅमची निघाली, म्हणजे जवळपास १६० कॅलरी. पाव भाकरीच्या दुपटीहून जास्त, आणि तोंडात टाकताना लक्षही नसतं.

कच्च्या पदार्थांचे आकडे कुठून घ्यायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढलेत, ५२८ पदार्थांचे. त्यात ज्वारी, बाजरी, तूर, राजगिरा, आपलं सगळं सापडतं. एक मेख आहे. त्यातली ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय. ४.१८ नं भागा, मग नेहमीची कॅलरी मिळते. मी पहिल्या दिवशी तो आकडा तसाच वाचला आणि तूरडाळ सोडायचीच पाळी आली होती.

पायरी ४: वही की ॲप

जे हाताशी राहील ते. ॲप बेरीज करतं, वही करत नाही. पण ॲपमधले पदार्थ कुणीही भरलेले असतात. शेंगोळे शोधायला जा, काहीतरी भलतंच येतं. मी लांब दोनशे पानी वही वापरतो. रकाने असे: वेळ, काय, किती ग्रॅम, प्रोटीन, संपवायला किती मिनिटं लागली, आणि शेवटचा अरुंद रकाना "का". त्यात एकच अक्षर: भू म्हणजे भूक, स म्हणजे सवय, आ म्हणजे आग्रह, रा म्हणजे राग. कॅलरी मी रोज मांडत नाही, रविवारी एकदम मांडतो. माझा दिवसाचा कॅलरीचा आकडाही इथं देणार नाही, कारण लोक तोच उचलतात. तुमची उंची, काम, शुगरच्या गोळ्या, ऑपरेशनचा प्रकार, सगळं धरून तो तुमच्या आहारतज्ज्ञाकडूनच घ्यायचा.

पायरी ५: तोंडात घालायच्या आधी लिहा

रात्री आठवून लिहायची वही ही कादंबरी असते. मी दोन्ही करून पाहिलंय. आठवड्याभर एका वहीत आधी लिहिलं आणि दुसरीत रात्री आठवून. रात्रीच्या वहीत चहा रोज दोनने कमी, आणि बायकोच्या ताटातला उरलेला घास एकदाही नाही.

बाहेर असाल तर फोटो काढा आणि घरी येऊन भरा. लग्नाच्या पंगतीत वही काढून बसलात तर दोन्हीकडचे पाव्हणे उठून बघायला येतील.

आधी लिहिलं की ताटातला क्रमही सुधारतो. प्रोटीन आधी, भाजी मग, भाकरी शेवटी. वीस-तीस मिनिटं सावकाश, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मिनिटांचा रकाना यासाठीच आहे. ज्या दिवशी तिथं "८" लिहिलंय त्या दिवशी छातीत दाटल्याची नोंद हमखास खाली सापडते.

तेल, चहा आणि चरणं

माझे नऊ किलो इथून आले, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडं भुरका म्हणजे तोंडी लावणं, जेवणात धरतच नाहीत. गरम तेलात लसूण, तिखट, शेंगदाण्याचं कूट, आणि तेल असं की चमचा तिरका केला तर ओघळावं. पोह्याचा मोठा चमचा तेल म्हणजे १४ ग्रॅम, सव्वाशे कॅलरी. पाव भाकरी मोजून घ्यायची, सत्तर कॅलरी लिहायच्या, आणि तिच्यावर सव्वाशेचं तोंडी लावणं लावायचं. भुरका मी सोडला नाही. वाटी काट्यावर ठेवून पाच ग्रॅम घेतो. ठेचा आणि कोरडी शेंगदाण्याची चटणीसुद्धा तोलूनच.

चहाचं तर आडतीवर विचारू नका. शेतकरी आला की चहा, सौदा झाला की चहा, सौदा फिसकटला की चहा. म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर घातलेला छोटा कप सत्तर-ऐंशी कॅलरींचा. असे पाच-सहा. पातळ असल्यानं पोट "पुरे" म्हणत नाही. आता एक साखरेचा सकाळी, बाकी बिनसाखरेचे, अर्धा कप. (दारूबद्दल इथंच सांगतो: ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते, कॅलरी वेगळ्याच. आपल्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला.)

तिसरं चरणं, म्हणजे येता-जाता तोंड चालवणं. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता), फरसाण, टोस्ट, खारी हे मऊ होऊन सरकत खाली जातं, त्यामुळं पोट भरल्याची जाणीवच होत नाही. नाश्त्याला सुशीला खाऊन मी अकरा वाजता परत काहीतरी शोधायचो. आता सुशीला करायचाच असेल तर आधी दोन उकडलेली अंडी. आणि दिवसात तोंड किती वेळा चाललं, ते पानाच्या कोपऱ्यात रेघा मारून मोजतो. पाच-सहा रेघा ठीक. अकरा झाल्या तर त्या दिवशी काय बिनसलं ते शेवटच्या रकान्यात सापडतं. माझ्याकडं बहुतेक "रा".

प्रोटीन कुठून

साधारण ६० ते ८० ग्रॅम सांगतात. शाकाहारी माणसाला हे भाकरी-वरणावर जमत नाही, वरचा हिशोब पाहिलात. अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, तीस ग्रॅम फुटाण्यात ६, आणि कोरड्या २५ ग्रॅम सोयाबीन वडीत १३. आमच्या मोंढ्यात सोयाबीनच्या थप्प्यांमधून वाट काढत चालावं लागतं, आणि गावात वडीची भाजी म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. काळ्या मसाल्यात करून बघा, येसर आमटीसारखी.

उपवासाला वही सगळ्यात जास्त चपापते. नवरात्रात घट बसले की आमच्या घरी नऊ दिवस उपवास असतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रोटीन जवळपास नाहीच. एका वर्षीच्या माझ्या पानांवर दिवसाला २२, १९, २५ असे आकडे आहेत. आता दूध, पनीर, दही, मोजलेले शेंगदाणे, राजगिरा यांवर निभावतो आणि नऊऐवजी उठता-बसता दोनच दिवस धरतो. आई पहिल्या वर्षी रागावली होती. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको.

धोंड्याच्या महिन्यातली एक दुपार

२०२३ मध्ये अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना म्हटल्यावर जावयाची सुटका नाही. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे केले, वर तूप. मी खिशातून छोटी वही काढली, त्यांच्याच घरातल्या काट्यावर एक धोंडा ठेवला. ६२ ग्रॅम. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "काय लिहूलालाव जावईबापू, आहेराचा हिशोब का?"

एक खाल्ला. मग आग्रहाचा दुसरा, तो तोलला नाही, फक्त "आ" लिहिलं. वेळ १:१०. दीडच्या सुमाराला छाती धडधडायला लागली, कपाळावर घाम, पोटात मुरडा. खाटेवर पडून राहिलो. घरच्यांना हार्ट अटॅक वाटला. डॉक्टरांना फोनवर वहीतल्या दोन वेळा वाचून दाखवल्या, तेव्हा ते म्हणाले डंपिंग दिसतंय. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. बायपासवाल्यांना जास्त, पण स्लीव्हमध्येही होतं. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन थरथर, चक्कर येते. वेळ लिहिलेली असेल तर डॉक्टरांना दोन्हींतला फरक लावता येतो. छातीत दुखत असेल तर मात्र वही बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

वेळ अमावस्येला (आमच्याकडचा शेतात जेवायचा सण) मला एवढा त्रास होत नाही. भज्जीत तूर, वाटाणा, हरभरा, बेसन सगळं असतं, ती आधी खातो. बाजरीचा उंडा अर्धा. आंबील पातळ, म्हणून ती जेवणानंतर अर्ध्या तासानं, कोपीच्या सावलीत बसून.

रविवारचा ताळेबंद

रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, तोच काटा, तेच कपडे, एकदाच वजन. रोज चढू नका. मीठ, पाणी, बद्धकोष्ठ यांनी किलो-दीड किलो सहज हलतो आणि उगीच जीव जातो. मग सात पानं चाळायची. प्रोटीन ६० च्या खाली किती दिवस? कोपऱ्यातल्या रेघा किती? तेल किती? पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट बदलायला निवडा. मी एकदा चार निवडल्या आणि बुधवारी चारही सोडल्या.

ठरलेल्या वजनाच्या दोन किलो वर सलग तीन रविवार राहिलो तर आहारतज्ज्ञाला फोन करायचा, हा माझा नियम. त्यांच्याकडं जाताना शेवटच्या चौदा पानांची झेरॉक्स आणि रक्ताचे रिपोर्ट न्या. पहिल्या वर्षी रक्त तीन-चारदा तपासतात, पुढं वर्षातून एकदा तरी. पानं सुधारून नेऊ नका. त्या मॅडमना खाडाखोड बरोबर कळते.

लिहायचं राहिलं तर पान कोरं सोडू नका. तारीख टाका, "लिहिलं नाही" लिहा, आणि पुढच्या घासापासून चालू करा. मागचं भरत बसू नका. आणि वही उघडताना भीती वाटायला लागली, जेवण चुकवावंसं वाटायला लागलं, तर तेही आहारतज्ज्ञाला किंवा डॉक्टरांना सांगा. त्यावर मदत मिळते, आणि काही काळ फक्त प्रोटीन आणि पाणी लिहिलं तरी भागतं.

नमुना म्हणून माझं कालचं पान, प्रोटीनसकट:

६:१५ पाणी, दोन रेघा.
७:३० अंडी दोन, १२ ग्रॅम. १५ मिनिटं. भू.
८:१५ साखरेचा चहा, अर्धा कप. स.
११:०० फुटाणे २० ग्रॅम, ४. भू.
१:३० वडीची भाजी (कोरडी वडी २५ ग्रॅम), १३. वरण १०० ग्रॅम, ४. अर्धी भाकरी, ४. भुरका ५ ग्रॅम. २५ मिनिटं. भू.
४:२० शेंगदाणे, दुकानातल्या ताटलीतून. मोजले नाहीत. एक मूठ, २८ धरले. रा.
५:३० पनीर ५० ग्रॅम, ९. भू.
८:०० चिकन ८० ग्रॅम, २०. अर्धी भाकरी, ४. ३० मिनिटं. भू.
९:४५ दूध १५० मिली, ५. स.